भुलाबाईचा महिना आणि बाबांची चौकट

भाद्रपदातली पौर्णिमा उलटली, की आमच्याकडची संध्याकाळ बदलते. दुपारभर ऊन असं तापतं, की यंदा पावसाळा झाला होता की नाही अशी शंका यावी. आणि पाचचा सुमार झाला, की तेच ऊन गुमान अंगणातून काढता पाय घेतं. भिंतीकडेची गुलबाक्षी उघडते. कुठून तरी कडुनिंबाच्या पाल्याचा धूर येतो. वावरात पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, पिवळी फुलं असतात, कालची असतील ती गुलाबी झालेली असतात, आणि अगदी खालच्या फांदीवर एखादं बोंड फुटायच्या बेतात असतं. मी आता वावरापासून दूर, सिंदी मेघेत एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर राहते, तरी खिडकीत उभी राहिले की हे सगळं मला नाकानं कळतं. जन्म सिंदी रेल्वेचा, नोकरी वर्ध्याची आणि म्हातारपण सिंदी मेघेत. पत्त्यातून सिंदी काही सुटली नाही, आणि खरं सांगायचं तर मी ती सोडायचा प्रयत्नही केला नाही.

परवा खालच्या मजल्यावरच्या बाईंनी हौसेनं भुलाबाई बसवली. मातीची भुलाबाई, शेजारी भुलोजी, मांडीवर बाळ. इमारतीतल्या मुली जमल्या, टिपऱ्या आल्या; गाणी मात्र मोबाइलवर लावली, कारण एकीलाही पाठ नव्हती. मी जिन्यात उभी राहून नाक मुरडत होते. पण गाणी संपली, झाकलेला डबा मध्ये आला, आणि मुलींनी एकदम गिल्ला केला, "गोड आहे का? तिखट आहे का? तळलेलं आहे का?" तेव्हा माझं मुरडलेलं नाक सरळ झालं. आम्ही अगदी हेच करायचो. भुलाबाईचा महिना म्हणजे रोज संध्याकाळी एकेका घरी गाणी, आणि गाण्यांनंतर त्या घरची खिरापत ओळखणं. ओळखल्याशिवाय खायची नाही. डबा सांभाळणाऱ्याला नियम एकच: हो म्हणायचं किंवा नाही म्हणायचं, तिसरा शब्द तोंडातून काढायचा नाही.

त्या मुलींमधली सई नंतर हात चाटत माझ्याकडे वर आली. सातवीत आहे. मोबाइलवर तिला एक कोडं सुटत नव्हतं. चार मैत्रिणी, चार गावं, चार रंगांच्या ओढण्या. कोण कुठली आणि कुणाची ओढणी कोणती ते शोधायचं. खाली चौकोनांची जाळी आखलेली. तिनं भराभर दोन-तीन फुल्या मारल्या, अडली, आणि लगेच तिचं बोट 'उत्तर दाखवा' असं लिहिलेल्या जागेकडे गेलं. मी तिचा हात धरला. जरा जोरातच धरला असावा, कारण ती दचकली.

"थांब ना गं," मी म्हटलं, "येतंय उत्तर. त्याला येऊ तर दे."

ती जाळी मला बाबांनी शिकवली. ते तिला चौकट म्हणायचे. बाबा सिंदीला प्राथमिक शाळेत मास्तर होते, आणि शाळेत पोरांना जितकं छळायचे त्याहून थोडं जास्तच घरी मला. आमच्या मधल्या खोलीत त्यांनी भिंतीचा एक तुकडा काळा रंगवून त्याचा फळा केला होता. मी सातवीत गेले, शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसायचं ठरलं, त्या उन्हाळ्यात त्या भिंतीवर रोज एक चौकट पडायची. पुस्तकातली कोडी त्यांना आवडायची नाहीत. "त्यातले लोक कोणाचेच कोणी नाहीत," म्हणायचे. म्हणून ते स्वतः कोडी रचायचे आणि त्यात गावातलीच माणसं घालायचे.

एक कोडं मला अजून पाठ आहे. तीन पोरी: शोभा, कुसुम आणि मी, सुमन. शोभा आणि कुसुम माझ्या खऱ्याच मैत्रिणी. तीन घरच्या तीन खिरापती: फुटाणे, शंकरपाळे आणि केळी. कुणाच्या डब्यात काय? माहिती एवढीच, की शोभाचा डबा हलवला की वाजतो, कुसुमचाही वाजतो, आणि कुसुमच्या घरी त्या दिवशी कढई चढलेलीच नाही. बाबा खडू माझ्या हातात द्यायचे. नाही असेल तिथे फुली, हो असेल तिथे गोल. शोभाचा डबा वाजतो, म्हणजे केळी नाहीत. शोभाच्या ओळीत केळ्यांवर फुली. कुसुमचाही वाजतो, तिथेही फुली. कढई चढली नाही म्हणजे कुसुमकडे शंकरपाळे नाहीत; आणखी एक फुली. आता कुसुमच्या ओळीत एकच घर रिकामं उरलं, फुटाण्यांचं, तिथे गोल. फुटाणे कुसुमचे झाले, केळी शोभाची नव्हेत, मग शोभाचे शंकरपाळे. उरली मी, आणि उरली केळी.

मी टाळ्या पिटल्या, तर बाबांनी फळ्याकडे बोट दाखवून विचारलं, "सुमे, तुह्याबद्दल कोड्यात एक शब्द तरी होता का?"

नव्हता. माझ्याविषयी कुणी काहीच सांगितलेलं नव्हतं, आणि तरी माझ्या डब्यात केळी होती, यात काडीची शंका नव्हती. "ज्याच्याबद्दल कोणी काई बोलत नाई, थेबी समजते," बाबा म्हणाले. "फक्त आजूबाजूच्या फुल्या बरोबर मारल्या पाहिजे. अन् घाई नाई कराची." मग शर्टावरचा खडू झटकत ते चहाला गेले. मला त्यांचं ते झटकणं आवडायचं. खोलीभर उन्हाच्या तिरिपेत पांढरी धूळ उडत राहायची.

त्याच वर्षी पोळ्याच्या दिवशी सकाळी बाबांना लकवा मारला. बैल धुवायला निघालेल्या काकाला पाण्याची बादली देता देता ते अंगणात खाली बसले, आणि बसले ते उठलेच नाहीत. काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. आमच्याच घरात राहायचा, वावर तोच पाहायचा. त्यानं बाबांना उचलून बैलगाडीत घातलं, मग रेल्वेनं वर्ध्याला नेलं. घरी परत आणलं तेव्हा भाद्रपदाचा शेवट आला होता. उजवं अंग गेलेलं, वाचा गेलेली. तोंड एका बाजूला ओढलेलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हळूहळू पाहू. आणि 'पाहू' या शब्दाचा अर्थ प्रत्येकानं आपापल्या परीनं लावला.

आईनं लावला तो असा, की हे सगळं नीट होईल. काकानं लावला तो असा, की आता काही उरलं नाही. माणूस खाटेवर आहे, पण आत कुणी नाही. तो हे कुजबुजत सांगायचा नाही. बाबांच्या खाटेपाशी उभा राहून, बाबांच्या अंगावरून आईकडे पाहत सांगायचा, "वैनी, दादाले आता काई समजत नाई. तुमी उगाच जीव काहाले जाळता?" येणारे-जाणारेही तसंच करू लागले. खाटेभोवती बसायचे आणि बाबांविषयी आईला विचारायचे: खातात का, झोपतात का, ओळखतात का? बाबांना कुणीच काही विचारेना.

काका वाईट होता असं कुणी समजू नका. मोठ्या भावावर त्याचा इतका जीव होता, की पेरणीला कोणतं वाण घ्यायचं हेसुद्धा तो त्यांना विचारूनच ठरवायचा. आणि बाबांना शेतीतलं ओ की ठो कळत नव्हतं. असा भाऊ समोर पडलेला, आणि त्याला काही विचारलं की उत्तर नाही. मला आज वाटतं, काकाला ते सोसवत नव्हतं. म्हणून त्यानं विचारणंच सोडून दिलं.

आई मात्र विचारायची. पण कशी? घरात एक खाटेवरचं माणूस, दोन म्हशी, चूल, पाहुणे. हातात भांडं घेऊन दारातून आत डोकावायची आणि एका दमात म्हणायची, "अवो, पाणी देऊ का? चहा घेता का? कूस बदलू का? चादर पाहिजे का?" बाबांना दोन गोष्टी जमत होत्या. पापण्या घट्ट मिटल्या तर हो, आणि डावा तळवा उलटा केला तर नाही. हे आईनंच शोधून काढलं होतं. पण उत्तरांचा काही मेळ बसेना. चहाला हो म्हणाले म्हणून चहा आणावा, तर ओठ मिटून घ्यायचे. चादरीला हो म्हणाले म्हणून पांघरूण घालावं, तर डाव्या हातानं भिरकावून द्यायचे. काका दारातून हे पाहायचा आणि मान हलवायचा. "पाहा वैनी. थो कशालेबी हो म्हनते."

आई त्या दिवशी चुलीपुढे बसून रडली. मोठ्यानं नव्हे, फुंकणीनं जाळ फुंकत होती, त्यामुळे धुराचं निमित्त होतं. मला ते निमित्त कळलं. आत बाबा आहेत की नाहीत, एवढाच आमच्या घरात प्रश्न उरला होता, आणि त्याचं उत्तर नाही असं आलं असतं तर आई त्यापुढे उभी राहू शकली नसती. मीही नाही.

मी काय केलं, तर मधल्या खोलीत जाऊन भिंतीवर चौकट आखली. मला दुसरं काही येतच नव्हतं. बाबांची खाट तिथेच होती, फळ्यासमोर. आईच्या प्रश्नांची नावं एकाखाली एक लिहिली: पाणी, चहा, कूस, चादर. समोर त्या सकाळी बाबांनी दिलेली उत्तरं. पाण्याला पापण्याही हलल्या नाहीत आणि हातही हलला नाही, म्हणून आम्ही ते 'नाही' धरलं होतं, तिथे फुली. चहाला गोल. कुशीला फुली. चादरीला गोल. मग शेजारी दुसरी ओळ काढली: खरं काय झालं? पाण्याला नाही म्हणाले, पण थोड्या वेळानं पेला लावला तर घटाघटा प्यायले. चहाला हो म्हणाले, पण घेतला नाही. कुशीला नाही म्हणाले, आणि काकानं कूस बदलली तसे शांत झोपले. चादर मागितली, आणि फेकली.

सगळंच उलटं. मी कितीतरी वेळ खडू धरून तशीच उभी होते. बाहेर म्हशीचं रेडकू ओरडत होतं, स्टेशनात मालगाडीचे डबे एकमेकांवर आदळत होते. आणि मग मला दिसलं. उत्तरं चुकीची नव्हती. ती एक घर खाली सरकली होती! चहासमोरचा गोल पाण्याचा होता. कुशीसमोरची फुली चहाची. चादरीसमोरचा गोल कुशीचा. आणि चादरीचं उत्तर यायच्या वेळी खोलीत कुणी उरलंच नव्हतं. बाबांना उत्तर द्यायला वेळ लागत होता. प्रश्न आत पोचायचा, मग उत्तर बाहेर निघायचं; पण तोवर आई पुढचं विचारून मोकळी झालेली असायची. त्यांचं हो एका प्रश्नाचं, आणि आम्ही ते चिकटवत होतो दुसऱ्याला.

मी वळून बाबांकडे पाहिलं. ते फळ्याकडेच पाहत होते. गेले कित्येक दिवस ते त्या भिंतीकडे तोंड करून पडले होते, आणि आम्हाला वाटायचं नजर हरवली आहे. मी खाटेजवळ बसले आणि विचारलं, "बाबा, माहं नाव कुसुम आहे का?" आणि गप्प बसले. माशी आली, मी ती हाकलली. चुलीवर आईनं तव्यावर भाकर टाकल्याचा आवाज आला. मग बाबांचा डावा तळवा सावकाश उलटा झाला. आणि तोंडावर तो भाव आला जो वर्गात कुणी सात पाच तेरा म्हणाल्यावर यायचा. मूर्ख प्रश्न विचारल्याबद्दल माझे बाबा माझ्यावर वैतागले होते. त्या वैतागाइतकी गोड गोष्ट मी पुढे आयुष्यात फार थोडी पाहिली. आईला मी हे लगेच सांगितलं, पण तिची घाईची सवय सुटेना, आणि काकाला तर ते पटलंच नाही.

आता लोक विचारतात आणि थांबत नाहीत, हे मला वयामुळे जास्त टोचतं की काय कोण जाणे. नोकरीत माझ्या टेबलाशी येणारी म्हातारी माणसं असायची. त्यांना नाव विचारलं, की ती आधी पिशवी खाली ठेवणार, कपाळ पुसणार, मग सांगणार. मागच्या रांगेतले तोवर ओरडायला लागायचे. मी कधी ओरडले नाही. माझ्या वरिष्ठांना वाटायचं, ही बाई मंद आहे. असेनही. शिष्यवृत्तीसुद्धा मला मिळाली नव्हती, हेही आताच सांगून टाकते. पेपर सोडवायला वेळ पुरला नाही.

बाबा पुढे बरीच वर्षं जगले. थोडे शब्द परत आले, काही अर्धे आले. माझ्या नावातला 'स' मात्र शेवटपर्यंत आला नाही. मी त्यांची 'उमी' झाले ती झालेच. खाटेवरून त्यांनी माझ्यानंतरच्या कितीतरी पोरांना चौकटी शिकवल्या. पण हे सगळं नंतरचं. तेव्हा भुलाबाईचा महिना सुरू होता, आणि घरात अजून एक कोडं अडलं होतं.

रोज दिवेलागणीला बाबा बेचैन व्हायचे. डावा हात खाटेच्या लाकडावर आपटायचे, डोळ्यांतून पाणी यायचं. काकानं त्याचं कारण केव्हाच ठरवून टाकलं होतं. त्याच वेळी पोरी टिपऱ्या वाजवत, गाणी म्हणत आमच्या दारावरून जायच्या. "आवाजाचा तरास होते त्याले," काका म्हणाला. आमच्या घरी त्या वर्षी भुलाबाई बसवलीच नव्हती. दुखण्याच्या घरात टिपऱ्या कशा वाजवायच्या? मीसुद्धा जात नव्हते. काकानं खिडकी लावून घेतली. तरी बाबांचा हात थांबेना. मग त्यानं शोभाच्या आईला सांगितलं, की पोरींना जरा मागच्या गल्लीनं जाऊ द्या. त्या बिचाऱ्या मागच्या गल्लीनं, टिपऱ्या काखेत धरून, हळू आवाजात गात जाऊ लागल्या. त्या संध्याकाळी तर बाबांनी हात आपटून आपटून बोटं सोलून घेतली.

मी पुन्हा फळ्यापुढे उभी राहिले. संध्याकाळी काय काय होतं? डास येतात. कंदील लागतो. काका वावरातून परत येतो. पोरींचं गाणं येतं. चार कारणं, आणि रोजची संध्याकाळ. पाल्याचा धूर केला आणि डास गेले, तरी बाबा बेचैन, डासांवर फुली. कंदील उशिरा लावून पाहिला, तरी बेचैन, कंदिलावर फुली. काका एका सोयरिकीसाठी आष्टीला मुक्कामी गेला होता, तरी बेचैन, काकावर फुली. मग एक संध्याकाळ अशी आली, की परतीच्या पावसानं झोडपून काढलं आणि पोरी निघाल्याच नाहीत. त्या संध्याकाळी बाबा छपराकडे पाहत निवांत पडून होते.

"मंग म्या काय म्हणत होतो?" काका म्हणाला. "गाण्याचाच तरास हाय. काऊन व, एवढं भिंतीवर लिहून तुले नवीन काय सापडलं?"

नवीन काही सापडलं नव्हतं, हे खरंच होतं. चौकट तिथपर्यंतच आली होती. गाणं आहे एवढं कळलं, पण गाणं नको आहे की हवं आहे, हे कुणी विचारलंच नव्हतं. ते आम्ही आपसात ठरवून टाकलं होतं. खिडकी आम्ही लावली, पोरी आम्ही मागे पाठवल्या. आजाऱ्याला शांतता हवी, हे इतकं सरळ होतं की त्यावर फुली मारून पाहावी असं कुणाच्या मनातच आलं नाही.

मी आईला हाक मारली. ती पिठाच्या हातानं आली. काका दारात उभा. मी बाबांना विचारलं, "पोरींनी आपल्या अंगणात यावं का?"

काही झालं नाही. आईचं तोंड उघडलं, "नाईतर खिडकी..." "आई, थांब ना!" मी म्हटलं. काका काही बोलणार, त्यालाही हात केला. आम्ही तिघं त्या खोलीत वाट पाहत उभे होतो. आणि मग बाबांनी पापण्या मिटल्या. इतक्या घट्ट, की कडेनं पाणी निघालं.

आई पिठाच्या हातानंच खाली बसली. "माय माय माय," एवढंच म्हणत होती. आम्ही त्यांना काय हवं ते ओळखलं नव्हतं, एवढंच नव्हे. जे हवं होतं तेच रोज थोडंथोडं दूर ढकलत होतो. काका मात्र दारातून वळला. गोठ्याकडे गेला. दुसऱ्या दिवशी बाजारातून येताना त्याच्या धोतराच्या सोग्यात गुंडाळलेली मातीची भुलाबाई होती. बाबांना समजतं यावर अजून विश्वास नव्हता, तरी आणली.

मग प्रश्न आला खिरापतीचा. आमच्या घरची खिरापत दर वर्षी बाबा ठरवायचे, आणि ती कुणाला ओळखता येऊ नये याचा त्यांना केवढा दिमाख! आई आता शिकली होती. एक प्रश्न विचारायची आणि हात मांडीवर ठेवून वाट पाहायची. करंज्या? बऱ्याच वेळानं तळवा उलटा. चकली? तळवा उलटा. साखरेचे फुटाणे? तळवा उलटा. शेव, लाडू, पेरूच्या फोडी, सगळ्यांवर फुली. शेवटी ती वैतागली आणि म्हणाली, "मंग काय, तुमच्या कण्या ठेवू का डब्यात?"

ज्वारी भरडून मऊ शिजवलेल्या, वर ताक घातलेल्या कण्या. दुखणाईताचं जेवण. बाबांना तेवढंच गिळता यायचं. आईच्या तोंडातला शब्द पुरा व्हायच्या आत बाबांच्या पापण्या मिटल्या. त्या उत्तराला क्षणाचाही वेळ लागला नाही. आणि ओढलेल्या तोंडाचा चांगला कोपरा वर गेला. आईनं कपाळावर हात मारला, "पोरी हसतीन ना मले!" आणि स्वतःच हसायला लागली. पोळ्यानंतर ती पहिल्यांदा हसत होती. हसता हसता तिला ठसका लागला, मी तिला पाणी दिलं.

संध्याकाळी बाबांची खाट अंगणात आणली. पाठीला उशा लावल्या. पोरी फाटकापाशी थबकल्या. लकवा मारलेलं माणूस त्यांनी जवळून पाहिलं नव्हतं. शोभानं आधी टिपऱ्या हळूच वाजवून पाहिल्या. बाबांचा डावा हात खाटेच्या लाकडावर पडू लागला, तसा मीच घाबरले. मग लक्षात आलं, तो टिपऱ्यांच्या तालावर पडतो आहे. पोरींनाही ते दिसलं. त्यानंतर त्यांनी आवाज सोडला, आणि आमचं अंगण त्या महिन्यात पहिल्यांदा भरलं. आई दारात उभी राहून गात होती. तिचा गळा गोड होता, आणि मी तो विसरत चालले होते.

गाणी झाली. आईनं झाकलेला डबा बाबांच्या मांडीवर ठेवला. पोरींनी सवयीनं एकदम गिल्ला केला. मी पुढे झाले. "एका वेळी एकच विचाराचं. अन् उत्तर येईपर्यंत दुसरं कोणी बोलाचं नाई." त्या बसल्या. कुसुमनं विचारलं, "मास्तर, गोड आहे का?" सगळ्या जणी त्या डाव्या हाताकडे टक लावून पाहू लागल्या. तळवा उलटा झाला. "नाई!" सगळ्या ओरडल्या. तिखट? नाही. तळलेलं? नाही. वाजते का? नाही. प्रत्येक उत्तराची वाट पाहताना त्यांचे चेहरे असे व्हायचे, की त्या वाट पाहण्यातच त्यांना गंमत वाटू लागली. मी बाबांकडे पाहत होते. डबा सांभाळणाऱ्यानं हो किंवा नाही एवढंच म्हणायचं असतं. तेवढं त्यांना येत होतं. त्या खेळात बाबांना काहीही कमी नव्हतं. ते आजारी नव्हते, बिचारे नव्हते. ते खिरापत लपवून बसलेले मास्तर होते, आणि पोरी त्यांच्यापुढे हरत होत्या.

"हरलो, मास्तर," शेवटी शोभा म्हणाली. हरलो म्हटलं की डबा उघडायचा. आई पुढे झाली, पण बाबांनी झाकणावरचा हात काढला नाही. ते पोरींकडे पाहतच नव्हते. ओसरीच्या खांबाला टेकून काका उभा होता, त्याच्याकडे पाहत होते. काका वावरातून आला की हात धुवायचा आणि रोज तोच बाबांना भरवायचा, चमच्या-चमच्यानं, हनुवटी पुसत. भरवता भरवता आईला सांगायचा, की आज त्यानं दोन घास जास्त खाल्ले.

काका खांब सोडून पुढे आला. खाटेपाशी उकिडवा बसला. पोरी बाजूला झाल्या.

"दादा," तो म्हणाला. पोळ्यापासून हा शब्द त्याच्या तोंडून बाबांकडे पाहून निघाला नव्हता. "दादा, म्या तुले रोज चारतो, थे हाय का?"

कुणी दुसरा प्रश्न विचारला नाही. बाबा भावाकडे पाहत राहिले, आणि मग त्यांनी पापण्या मिटल्या.

पोरींनी एकच ओरडा केला, "काकानं ओळखलं! काकानं ओळखलं!" डबा उघडला, कण्या पाहून त्या लोटपोट हसल्या, आणि हसत हसत हातावर घेऊन खाऊ लागल्या. त्या गोंधळातही काका उठला नाही. शेल्यानं त्यानं तोंड पुसलं, खाटेच्या आणखी जवळ सरकला.

"दादा, खालच्या वावरातली पऱ्हाटी फुटून राह्यली," तो म्हणाला. "बैलगाडीत गादी टाकून नेतो तुले. येतं का पाहाले?"

एवढं विचारून तो हात गुडघ्यांवर ठेवून गप्प बसला, आणि उत्तराची वाट पाहू लागला.